घरच्या कंप्युटरचा बॅकअप: प्रत घ्यावी कशी आणि परत आणावी कशी

आपल्याकडे घरच्या कंप्युटरची हार्ड डिस्क बहुधा दोन भागांत विभागलेली असते. सी ड्राइव्हवर विंडोज असते आणि डी ड्राइव्हवर फोटो, कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प असे सगळे साठत जाते. दुरुस्तीवाला फॉरमॅट मारताना सी पुसतो आणि डीला हात लावत नाही, म्हणून ‘डीमध्ये ठेवले की काळजी नाही’ अशी समजूत घराघरांत रुजली आहे. ही समजूत सोडणे ही पहिली पायरी आहे. डिस्कची मोटर बंद पडली, वीज जाता-येता तिचे सर्किट जळले किंवा लॅपटॉपच चोरीला गेला, तर सी आणि डी दोन्ही एकाच क्षणी जातात, कारण ती एकाच डिस्कची दोन नावे आहेत. बॅकअप म्हणजे दुसऱ्या, स्वतंत्र उपकरणावर असलेली आणि गरज पडेल तेव्हा खरोखर परत आणता येणारी प्रत. प्रत घेण्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, परत आणण्याकडे मात्र आपत्ती आल्यावरच जाते. म्हणून पुढची प्रत्येक कृती ‘उद्या ही डिस्क उघडलीच नाही तर?’ हा प्रश्न समोर ठेवून सांगितली आहे. विंडोज १० किंवा विंडोज ११ असलेला घरचा कंप्युटर आणि एक बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क एवढेच साहित्य गृहीत धरले आहे.

बॅकअप दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची कामे वेगळी आहेत. पहिला फायलींचा. त्यात आपण निर्माण केलेल्या किंवा जमवलेल्या फायलींची प्रत असते, ती कोणत्याही कंप्युटरवर उघडते आणि एखादी फाइल चुकून पुसली गेली तर तेवढीच परत घेता येते. दुसरा सिस्टिम इमेजचा. त्यात विंडोज, बसवलेले सॉफ्टवेअर, सेटिंग आणि फायली यांसह संपूर्ण ड्राइव्ह जसाच्या तसा एका मोठ्या फाइलमध्ये उतरवला जातो, आणि डिस्क निकामी झाल्यावर नवी डिस्क बसवून काही तासांत कंप्युटर पूर्वीसारखा उभा करता येतो. वेळ किंवा पैसा यांपैकी एकच गोष्ट परवडत असेल तर आधी फायलींचा बॅकअप घ्यावा. विंडोज पुन्हा बसवता येते, वारलेल्या आजीचा आवाज असलेली चित्रफीत पुन्हा मिळवता येत नाही. ज्या घरांत फोन भरला की फोटो कंप्युटरवर उतरवून फोनमधून पुसतात, तिथे तर कंप्युटरवरची प्रत हीच एकमेव प्रत असते.

काय काय घ्यायचे

सी ड्राइव्हवरच्या यूझर्स या फोल्डरमध्ये आपल्या नावाचे एक फोल्डर असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे सगळे त्यातच असते. घरातल्या प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असेल तर प्रत्येकाचे फोल्डर वेगळे घ्यावे लागते. त्याच्या जोडीला डी ड्राइव्ह पूर्ण घ्यावा. एवढ्याने बहुतेकांचे समाधान होते, पण नेमके महत्त्वाचे काही या चौकटीबाहेर राहते. घरातून हिशेबाचे काम चालत असेल तर टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग लिहिलेला दिसतो, तो टिपून ते फोल्डर यादीत घालावे, शिवाय टॅलीच्या स्वतःच्या बॅकअप सोयीनेही प्रत घ्यावी. आउटलुक वापरणाऱ्यांनी ईमेल साठवणारी पीएसटी फाइल शोधावी आणि आउटलुक बंद करूनच तिची प्रत घ्यावी. ब्राउझरमधले बुकमार्क फाइल म्हणून निर्यात करता येतात. ही कामे पाच-दहा मिनिटांची असली तरी ती नेमकी राहून जातात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. युनिकोड, म्हणजे सर्व भाषांच्या अक्षरांसाठीची सामाईक संकेतपद्धत, रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम, आकृती किंवा कृतिदेव यांच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आजही हजारो घरांत, छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांत आहे. या फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे फाइल सुखरूप असली तरी नव्या कंप्युटरवर तो विशिष्ट फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो, आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती टाकून देतात. म्हणून विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले आपले मराठी फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून बॅकअपमध्ये ठेवावेत. विंडोज १०च्या अलीकडच्या आवृत्त्यांपासून केवळ एका वापरकर्त्यासाठी बसवलेले फाँट त्याच्या फोल्डरातल्या ॲपडेटा या लपलेल्या भागात जातात, तिथेही पाहावे. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची, फाँट आत सामावलेली पीडीएफ करून ठेवणे, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. ज्यांच्याकडे वडिलांच्या कवितांची किंवा एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेची अशी फाइल आहे, त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

वनड्राइव्ह, म्हणजे फायली इंटरनेटवर साठवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा, चालू असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. फायलीच्या नावाशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल डिस्कवर नसून फक्त इंटरनेटवर आहे, आणि तिचे नाव दिसत असले तरी तिचा मजकूर बॅकअपमध्ये येईलच असे नाही. अशा फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे, फायली उतरू द्याव्यात आणि मग प्रत घ्यावी. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह हाच बॅकअप मानणेही धोक्याचे आहे. ही सेवा दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवते, म्हणजे इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते, आणि कचरापेटीतही ती साधारण ३० दिवसच राहते. मोफत जागाही गूगलची १५ जीबी आणि वनड्राइव्हची ५ जीबी एवढीच आहे. निवडक कागदपत्रांची जास्तीची प्रत म्हणून या सेवा उत्तम आहेत, संपूर्ण डिस्कसाठी नाहीत.

बाहेरची डिस्क

कंप्युटरवर जेवढी जागा भरलेली आहे तिच्या निदान दुप्पट क्षमतेची डिस्क घ्यावी. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीने, एवढाच फरक आहे. रोज न वापरता कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी आजही फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मला अधिक योग्य वाटते. एसएसडी वेगवान आणि धक्का सोसणारी असली तरी तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, ठरलेले आयुष्य वापरून झाल्यावर, ३० अंश तापमानाला वीज न मिळता एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. नवी एसएसडी याहून बराच काळ टिकवेल, तरीही वर्षानुवर्षे बंद ठेवण्यासाठी ती निवडू नये. पेन ड्राइव्ह तर या कामासाठी विचारातही घेऊ नये.

डिस्क विकत आणल्यावर तिचे फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फायली मांडण्याची पद्धत, तपासावे. ती एनटीएफएसमध्ये असावी. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर मावणार नाही, आणि विंडोजच्या इमेजला एनटीएफएसच लागते. डिस्क यूएसबी ३च्या जोडणीलाच लावावी, ही जोडणी बऱ्याचदा आतून निळी असते. ४०० जीबी माहिती सेकंदाला १०० एमबी वेगाने सव्वा तासाच्या आत उतरते, तर जुन्या यूएसबी २वर, सेकंदाला ३० एमबी या वेगाने, तिलाच पावणेचार तास लागतात. हजारो लहान फायली असतील तर दोन्ही ठिकाणी वेळ वाढतो.

प्रत घेण्याआधी मूळ डिस्कची प्रकृती पाहून घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवते. ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांच्यापुढे शून्याऐवजी वाढत जाणारा आकडा दिसू लागला, तर डिस्कचे काही भाग निकामी होत आहेत असे समजावे आणि इमेजच्या नादी न लागता सर्वांत मौल्यवान फोल्डर आधी काढून घ्यावीत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कंप्युटर लगेच बंद करावा. दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवून पाहण्याचा मोह अशा वेळी आवरायलाच हवा, कारण प्रत्येक फेरीला तबकडीची हानी वाढू शकते. पुढचे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणत्या माणसाचे.

फायलींसाठी विंडोजमधली फाइल हिस्टरी ही सोय पुरेशी आहे. कंट्रोल पॅनेलमधून ती उघडून बाहेरची डिस्क निवडावी आणि चालू करावी. डिस्क जोडलेली असेल तर ती दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्याही जपते, त्यामुळे परवाच्या मसुद्याकडे परत जाता येते. तिची मर्यादा अशी की ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागाच पाहते. विंडोज ११मध्ये डी ड्राइव्हवरचे फोल्डर तिच्या कक्षेत आणायचे तर ते आधी एखाद्या लायब्ररीत (अनेक फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या विंडोजच्या यादीत) समाविष्ट करावे लागते. हे किचकट वाटणाऱ्यांनी ते फोल्डर, दिनांक लिहिलेल्या नव्या फोल्डरमध्ये, सरळ हाताने कॉपी करावे. कॉपी संपल्यावर दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे. संख्या कमी भरली तर बहुधा एखाद्या फाइलचा मार्ग २६० अक्षरांपेक्षा लांब झालेला असतो किंवा ती फाइल त्या वेळी उघडी असते.

सिस्टिम इमेज आणि ती उभी करणारा पेन ड्राइव्ह

विंडोजमधली इमेज घेण्याची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या जुन्याच नावाखाली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून तिचा विकास थांबवला आहे, तरी साध्या घरगुती कंप्युटरवर ती काम करते आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. ज्यांना अधिक भक्कम साधन हवे त्यांनी तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला वापरावे. ते मोफत आहे आणि घेतलेली इमेज परत आणण्याजोगी आहे का हे स्वतः तपासते, मात्र त्याचे पडदे केवळ अक्षरांचे असल्यामुळे डिस्क निवडताना फार सावध राहावे लागते.

इमेज घेण्यापूर्वी एक कागद-पेन घ्यावे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. हे कुलूप लावणारी विंडोजची सोय म्हणजे बिटलॉकर, आणि तिची रिकव्हरी की म्हणजे कुलूप उघडणारी ४८ अंकांची संख्या. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खात्यात जाऊन ती शोधावी, कागदावर उतरवावी, अंक दोनदा पडताळावेत आणि कागद घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा. दुरुस्तीच्या वेळी निळ्या पडद्यावर हीच संख्या मागितली जाते, आणि ती नसेल तर आतली माहिती कोणीही उघडून देऊ शकत नाही.

त्यानंतर लॅपटॉप चार्जरला किंवा डेस्कटॉप यूपीएसवर आहे याची खात्री करून, डाव्या बाजूच्या ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’वर जावे आणि बाहेरची डिस्क निवडावी. विंडोजला सुरू होण्यासाठी लागणारे लहान भाग आपोआप निवडलेले असतात, ते काढू नयेत. काम संपल्यावर दुरुस्तीची सीडी बनवायची का असे विचारले जाते, त्याला नाही म्हणावे. बाहेरच्या डिस्कवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचे फोल्डर तयार होते. त्याचे नाव बदलू नये आणि ते दुसऱ्या फोल्डरच्या आत हलवू नये, कारण परत आणताना विंडोज त्याला त्याच नावाने आणि त्याच जागी शोधते.

इमेज एकटी उपयोगाची नाही. ज्या दिवशी विंडोज सुरूच होणार नाही, त्या दिवशी कंप्युटर दुसऱ्या कशाने तरी सुरू करावा लागेल. त्यासाठी शोधचौकटीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ टाइप करून, ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावून तो आजच तयार करावा. त्यावरचे पूर्वीचे सगळे पुसले जाते. आता चाचणी करावी, आणि ती टाळू नये. कंप्युटर बंद करून पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क दोन्ही लावावीत, आणि सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपवर ती एफ १२ असते, एचपीवर एस्केप किंवा एफ ९. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिले आहे तो निवडावा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथून सिस्टिम इमेज रिकव्हरी. काही आवृत्त्यांत ती ‘सी मोअर रिकव्हरी ऑप्शन्स’च्या मागे दडलेली असते. पडद्यावर आपल्या इमेजचा दिनांक, वेळ आणि कंप्युटरचे नाव दिसले की चाचणी यशस्वी झाली. येथे पुढे न जाता कॅन्सल करून बाहेर पडावे. पेन ड्राइव्ह चालतो, डिस्क ओळखली जाते, इमेज सापडते या तिन्ही गोष्टी यामुळे कशालाही धक्का न लावता सिद्ध होतात. दुकानात नेऊन देण्याऐवजी घरच्या माणसाने हे एकदा स्वतः केलेले असले की प्रसंगी हात कापत नाहीत.

परत आणताना

एकच फाइल हवी असेल तर सगळी इमेज परत आणण्याची गरज नसते. फाइल हिस्टरीत ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’मध्ये मागच्या तारखांना जाऊन हवी ती फाइल घेता येते. ती फक्त इमेजमध्येच असेल तर इमेजच्या फोल्डरमधली व्हीएचडीएक्स ही मोठी फाइल विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीतून, ‘रीड ओन्ली’वर खूण करून जोडावी. ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, हवे ते काढून घेतल्यावर पुन्हा काढून टाकता येते.

डिस्कच बदलावी लागली तर नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर १०० जीबीच माहिती असली तरी विंडोजची ही सोय २५६ जीबीच्या डिस्कवर इमेज उतरवत नाही, आणि हार्ड डिस्ककडून लहान एसएसडीकडे जाणारे येथे हमखास अडतात. चाचणीत गेलो त्याच वाटेने जाऊन या वेळी शेवटपर्यंत जायचे. निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून तिच्यावरचे काही वाचवण्यासारखे असेल तर ते आधीच बाहेर काढावे. कंप्युटर सुरू झाल्यावर इमेज घेतल्यानंतरच्या दिवसांतल्या फायली फाइल हिस्टरीतून आणाव्यात, आणि बिटलॉकर चालू आहे का ते पाहून, नसल्यास पुन्हा चालू करावे. केवळ डिस्क बदलल्याने विंडोजचा परवाना जात नाही, तो मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. मोठ्या डिस्कवर उरलेली जागा रिकामी दिसली तर ती डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्हला जोडता येते, मात्र मध्ये रिकव्हरीचा लहान भाग आडवा आला तर जाणत्याची मदत घ्यावी.

कंप्युटरच नवा घेतला असेल तर जुनी इमेज त्यावर उतरवण्याचा प्रयत्न करू नये. वेगळ्या यंत्रावर ती चालेल याची हमी नसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपल्यामुळे अनेक घरांत यंत्रे बदलली जात आहेत. अशा वेळी नव्या यंत्रावरचे विंडोज तसेच ठेवून फक्त फायली आणि फाँट न्यावेत, आणि सॉफ्टवेअर नव्याने बसवावे.

बाहेरची डिस्क काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करून काढावी आणि वेगळी ठेवावी. मे २०१७मधल्या वॉनाक्राय हल्ल्यासारखे खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करते, जोडून ठेवलेला बॅकअप त्यातून सुटत नाही. शक्य झाल्यास दुसरी डिस्क घेऊन ती वेगळ्या गावातल्या बहिणीकडे किंवा काकांकडे ठेवावी. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१मध्ये चिपळूणमध्ये पाणी घरांच्या आत शिरले, तेव्हा टेबलावरचा कंप्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क यांच्यात फरक उरला नव्हता. कोकणातल्या पावसाळ्यात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. ती बाहेर जाणार असेल तर आधार, पॅन आणि बँकेच्या कागदांचा विचार करून ती कुलूपबंद करावी. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकरने नवे कुलूप लावता येत नाही, त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन आहे, आणि त्याचा पासवर्डही त्याच कागदावर लिहिलेला असावा. सिस्टिम इमेज मूळ ड्राइव्ह कुलूपबंद असला तरी उघडीच साठवली जाते, हेही ध्यानात घ्यावे.

फायलींची प्रत आठवड्यातून एकदा, इमेज तीन-चार महिन्यांनी आणि विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणाआधी, एवढा क्रम बहुतेक घरांना पुरतो. डिस्कवर चिकटपट्टी लावून शेवटच्या प्रतीचा दिनांक पेनाने लिहावा. जुनी डिस्क, ती चालू असली तरी, नव्या कंप्युटरवरच्या फायली उघडून पाहीपर्यंत आणि नवा बॅकअप घेऊन होईपर्यंत पुसू नये. त्यानंतर ती एक्सचेंजमध्ये किंवा भंगारात देताना ‘क्विक फॉरमॅट’वर विसंबू नये, कारण त्यानंतरही हार्ड डिस्कवरच्या फायली बऱ्याच अंशी परत काढता येतात. फॉरमॅट करताना ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, आणि ती चालूच होत नसेल तर स्क्रू काढून आतली तबकडी निकामी करूनच द्यावी.